डुकराच्या परीक्षेत नापास

माझ्या शिक्षणाची पाच वर्षं आमच्या घरात दोन्ही वेळेला पेज शिजली. सकाळी पातळ, संध्याकाळी त्याहून पातळ. वडील मिठबावच्या एका शिडाच्या गलबतावर खलाशी होते. डोलकाठीवरचा दोर सुटला, त्यांचा उजवा हात मनगटात चेपला आणि त्यांचा दर्या सुटला. मग आईनं मासळीची पाटी डोक्यावर घेतली. ती चालत जामसंड्यापर्यंत जायची आणि चालत परत यायची. दोन धाकट्या भावांनी शाळा सोडली, आंब्याच्या बागांत राखणीला लागले. शिकलो तो मी एकटा. आमच्या घराण्यात माझ्याआधी सातवीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी एकदम मुंबईला जाऊन जनावरांचा डॉक्टर झालो. हे मी मिरवण्यासाठी सांगतोय असं कोणाला वाटलं, तर वाटू दे. मिरवतोच आहे.

एवढ्यासाठीच सांगितलं की, पुढे जे झालं त्याचा धक्का मला का बसला ते कळावं.

गोवा मुक्त झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी बांद्याच्या गुरांच्या दवाखान्यात होतो. नोकरीला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत अडलेल्या म्हशी सोडवल्या, घटसर्पाच्या साथीत गावंच्या गावं टोचली, फुगलेल्या बैलाच्या कुशीत नळी घालून त्याला उभं केलं. बांद्याहून गोव्याची हद्द चालत गाठता येते. आधी तिथे बंदूकवाले उभे असत. आता रस्ता मोकळा झाला होता आणि पलीकडच्या एका नगरपालिकेला जनावरांचा डॉक्टर हवा होता. मी अर्ज केला. बोलावणं आलं, बोलणं झालं, मी त्यांना पसंत पडलो. अट एकच होती. तिकडच्या नोंदवहीत माझं नाव लागायला हवं.

वाचकांना हे थोडं समजावून सांगतो. त्या काळी जनावरांच्या डॉक्टरांची सगळ्या देशाला मिळून एक नोंदवही नव्हती. मुंबईकडे शिकलेल्याचं नाव मुंबईच्या रजिस्टरात. ते रजिस्टर हद्दीपलीकडे चालत नसे. गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळचे नियम अजून बदलायचे होते. त्या नियमांप्रमाणे बाहेरच्या पदवीवाल्यानं तोंडी आणि प्रात्यक्षिक अशी परीक्षा द्यायची. मग परवाना.

मला हे वाचूनच पहिला धक्का बसला. परीक्षा? मी?

आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरी. आमचे साहेब तिथे बसत. मी राजीनामा घेऊन गेलो.

साहेब म्हणाले, "आधी परवाना आणा. मग हा कागद द्या."

"साहेब, नऊ वर्षं झाली. मला असं काय विचारणार ते?"

"ते मला माहीत नाही. म्हणूनच म्हणतोय."

"पण मला माहीत आहे, साहेब. घ्या कागद."

त्यांनी राजीनामा पेपरवेटखाली ठेवला. "तीन महिन्यांची नोटीस. त्यानंतर बांद्याला दुसरा माणूस येईल. परत आलात तर जागा नाही. मग माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत."

मी हसलो होतो. ते हसणं आठवलं की अजून कान तापतात.

परीक्षा घेणारे गृहस्थ डॉ. फुर्तादो. साठीचे, काटकुळे, पांढरा सूट, पायात काळे चकचकीत बूट. लिस्बनला शिकलेले. इंग्रजी बोलत, पण शब्द शोधत शोधत. तोंडी परीक्षा तासभर चालली. मी एकाही प्रश्नाला अडलो नाही. म्हशीचं अंग बाहेर आलं तर काय करता, हे सांगताना तर मी त्यांच्याच टेबलावर पिशवी ठेवून करून दाखवलं. ते खूश झाले. म्हणाले, "तुमच्या हाताला सवय आहे."

मग आम्ही कत्तलखान्यात गेलो. प्रात्यक्षिक होतं मीट इन्स्पेक्शनचं. म्हणजे कापलेलं जनावर तपासून ते माणसानं खाण्याजोगं आहे की नाही हे ठरवायचं. डॉक्टर ठिकठिकाणी छेद देतो, गाठी बघतो, काळीज, फुप्फुस बघतो. चांगलं असेल तर शिक्का मारतो. नसेल तर कंडेम. म्हणजे पुरून टाकायचं. नगरपालिकेच्या डॉक्टरचं रोज सकाळचं मुख्य काम हेच.

पहिला बैल. गालाच्या मांसात छेद, जबड्याखालच्या गाठी, फुप्फुस. बिनचूक. मग बकरा. बिनचूक. तिसरं डुक्कर.

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. कॉलेजात डुकराचं प्रात्यक्षिक असायचं तेव्हा आम्ही सात-आठ जण मागच्या रांगेत उभे राहत असू. आमच्या घरांत मासे चालत, सणासुदीला कोंबडी-बकरा चाले, पण डुक्कर म्हणजे शिव शिव. प्रोफेसर समजूतदार होते. हजेरी लावायचे आणि दुर्लक्ष करायचे. पुढच्या रांगेतल्या मुलांच्या वह्यांवरून आम्ही आकृत्या उतरवल्या. मी त्या विषयात पहिला आलो. कागदावर. नोकरी लागली ती आमच्या पट्ट्यात. गाय, म्हैस, बैल, बकरी. नऊ वर्षांत माझ्या टेबलावर एकही डुक्कर आलं नाही आणि आणू नका असं मी कोणाला सांगितलंही नव्हतं. ज्यांच्याकडे डुकरं होती त्यांना ते न सांगताच कळलं असणार.

तर समोर डुक्कर टांगलेलं. मी सुरीच्या टोकानं काम केलं. गाठी पाहिल्या. फुप्फुस वरून पाहिलं. हाताला काही लागू नये एवढ्या बेतानं. डोकं बाजूच्या घमेल्यात होतं, तिकडे गेलोच नाही.

"पास," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"शिक्का मारा."

मी शिक्का उचलला आणि मारला. जांभळा, गोल, ठसठशीत.

डॉ. फुर्तादोंनी कोट काढून खुंटीला लावला. बाह्या वर केल्या. घमेल्यातलं डोकं उचललं, जबडा उघडला, जीभ ओढली आणि मुळापाशी उभी चिरली. मग नुसती माझ्यापुढे धरली.

आत दाणे होते. पांढुरके, ओलसर, भिजवलेल्या साबुदाण्याएवढे. पाच-पंचवीस तरी. मग त्यांनी हृदय चिरलं. तिथेही. खांद्याचं मांस चिरलं. तिथे तर पेरल्यासारखे.

 

"हे तुम्हाला माहीत आहे का, काय आहे?"

माहीत होतं. उत्तरपत्रिकेत दोन पानं लिहिली होती. हा दाणा म्हणजे जंताचं पिल्लू. कच्चट राहिलेल्या मांसातून ते माणसाच्या आतड्यात गेलं की तिथे त्याचा वावभर लांब, चपटा जंत होतो. त्या जंताची अंडी माणसाच्या मैल्यातून बाहेर पडतात. डुक्कर परसाकडच्या जागी तोंड घालतं, अंडी त्याच्या पोटात जातात, आणि पुन्हा मांसात दाणे.

"आणखी?" डॉ. फुर्तादो म्हणाले.

"ती अंडी माणसाच्याच पोटात गेली, तर दाणे माणसाच्या अंगात होतात."

"कुठे?"

"कुठेही. मेंदूत झाले तर माणसाला फिट्स येतात."

"त्यासाठी माणसानं डुक्कर खावं लागतं?"

"नाही. न धुतलेल्या भाजीवरूनही अंडी जातात."

"म्हणजे तुमच्या घरातही." त्यांनी माझ्या शिक्क्याकडे बोट केलं. "आता अर्ध्या तासात हे बाजारात गेलं असतं. तुमच्या नावावर."

निकाल तिथेच लागला. नापास. दुसरी संधी तीन महिन्यांच्या आत, एकदाच. त्याआधी तीस डुकरं तपासल्याची वही आणायची, प्रत्येक नोंदीवर जाणकार माणसाची साक्ष हवी. पुन्हा नापास झालो तर अर्ज कायमचा बाद. तिकडे नोटिशीचे दिवस चाललेले. म्हणजे इकडची नोकरी गेलेली आणि तिकडची मिळालेली नाही, असा मी मधल्यामध्ये लटकलो. बांद्याच्या क्वार्टरमध्ये माझ्याबरोबर म्हातारे आईवडील होते. त्यांना मी डबल बढती मिळाल्यासारखं सांगून ठेवलं होतं.

दवाखान्यात सायमन नावाचा ड्रेसर होता. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, जनावर धरणारा, डॉक्टरचा उजवा हात. पन्नाशीचा, बांद्याजवळच्याच वाडीतला ख्रिस्ती. मी त्याला झालेलं सांगितलं. त्यानं बाटल्यांची बुचं घट्ट केली.

मग म्हणाला, "डॉक्टरानू, दोन वर्सां मी तुमच्या वांगडा काम करतंय. एक डाव तरी माका विचारलास काय, तुझ्या घराकडे डुकर आसत काय म्हणान?"

"आहेत का?"

"माझ्या भयणीकडे आसत. नाताळीन. बाजाराक ती मांस इकता. तिका विचारा. पण ती माझ्यासारखी गप ऱ्हवची नाय, आधीच सांगतंय."

नाताळीनबाय पंचेचाळिशीची विधवा. उंच, खणखणीत आवाजाची. बावीस वर्षं ती आसपासच्या वाड्यांतून डुकरं विकत घेऊन कापून विकत होती. आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात काथ्याची दोरी वळत होती. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हे गुरांचे डॉक्टर ना? मगे हय काय काम?"

सायमन म्हणाला, "तेंका डुकर शिकाचो आसा."

"डुकर शिकाचो? कॉलेजात शिकवूक नाय?"

"शिकवल्यानी," मी म्हटलं. "मी फाटल्यान उभो ऱ्हवलंय."

"कित्याक?"

"वास येय होतो."

"आणि आता वास येवचो नाय?" ती एवढी हसली की गुरांच्या गोठणीवरची बाईसुद्धा वळून बघायला लागली. "बरां तर. आधी ती सफेद पँट बदला. डुकराक सफेद आवडणा नाय."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. तिची पद्धत अशी. विकत घ्यायच्या आधीच जिवंत डुक्कर कुशीवर पाडायचं, पाय काथ्यानं बांधायचे. जबड्यात आडवं दांडकं घालायचं. फडक्यानं जीभ पकडून बाहेर ओढायची आणि जिभेखालून अंगठा फिरवायचा. दाणे असले तर अंगठ्याला कडक लागतात. दाणे लागले की ती डुक्कर घेत नसे. मी पुस्तकात ही पद्धत वाचली होती. एका ओळीत होती. त्या ओळीत डुक्कर किती ओरडतं ते लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी माझ्या हातून दांडकं सटकलं आणि डुकरानं माझं मनगट थोडक्यात सोडलं.

"डॉक्टरानू, तो तुमका खाणा नाय," नाताळीनबाय म्हणाली. "तो काय तुमच्यासारको सोवळो नाय, पण तेकाय चव कळता."

त्या संध्याकाळी घरी गेलो तर आई दारात उभी.

"खंयसून इलंस?"

"सायमनच्या भयणीकडसून."

"ह्यो वास कसलो?"

खोटं बोलून उपयोग नव्हता. "डुकराचो."

आईनं दाराच्या चौकटीला धरलं. "रघ्या! ह्याच्यासाठी तुका कॉलेजात धाडलंव? ह्याच्यासाठी मी डोक्यार पाटी घेवन फिरलंय?"

ओटीवरून वडील म्हणाले, "गलबतार आमी काय काय हातात घेतलंव ता तुका म्हायत नाय. आंघोळ केल्यार जाता."

"तुमी गप ऱ्हवा!"

मग मला घराला वळसा घालून विहिरीवर जावं लागलं. कपडे पेरूच्या झाडावर. पुढचे दोन महिने हाच रिवाज झाला. आई माझ्याशी बोलायची, पण जेवण वाढताना ताट जमिनीवर जरा लांब सरकवायची. नोकरी धोक्यात आहे हे मी तिला शेवटी सांगितलं. तेव्हापासून विहिरीवर गरम पाण्याची कळशी आधीच ठेवलेली असायची. ताट मात्र लांबच.

हात हळूहळू बसला. पंधराव्या डुकराला माझ्या अंगठ्याला तीन दाणे लागले, तिच्या अंगठ्याला दोनच. तिनं पुन्हा बघितलं. तिसरा सापडला. त्या दिवशी तिनं मला कॉफी दिली. मी ती घेतली. सायमनच्या घरचं काही तोंडात घालायची माझी ती पहिली वेळ, हे दोन वर्षांनंतर.

तिनं कापलेल्या डुकरांनाही मी छेद देत असे. हृदय, पडदा म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला डायफ्रॅम, खांदा, मांडीची आतली बाजू. सगळी साफ निघत. साहजिकच होतं, दाणेवाली ती घेतच नव्हती. मी तिला एकदा म्हटलं, "पुस्तकात लिवलां आसा, कधी कधी जीभ निवळ आसता आणि आत दाणे आसतत."

"पुस्तकातलो डुकर येगळो," ती म्हणाली. "बावीस वर्सां माझो आंगठो फसाक नाय."

तीस नोंदी पूर्ण झाल्या. प्रत्येक नोंदीखाली साक्ष म्हणून नाताळीनबायचा अंगठा, कारण तिला लिहिता येत नव्हतं. वही पाठवली. आठवड्यात परत आली. कारकुनानं लिहिलं होतं, साक्षीदाराची शैक्षणिक पात्रता नमूद नाही. मी खाली लिहिलं, 'बावीस वर्षांचा अनुभव', आणि पुन्हा पाठवली. माझ्याच हातानं तो शब्द लिहिताना मला साहेबांपुढचं माझं बोलणं आठवलं. नोटिशीचे सव्वीस दिवस उरले होते.

उत्तर आलं की डॉ. फुर्तादो स्वतः बांद्याला येतील. वही बघतील, साक्षीदार बघतील आणि प्रात्यक्षिक तिथेच घेतील.

ते आले तो वाडीतल्या कपेलाच्या फेस्ताचा, म्हणजे जत्रेचा, आदला दिवस. कपेल म्हणजे छोटं देऊळच, ख्रिस्ती लोकांचं. फेस्ताच्या जेवणाचं मांस नाताळीनबायकडून जायचं. त्यासाठी तिनं तीन महिने एक मोठं डुक्कर पोसलं होतं. वाडीतल्या घराघरानं आपापला वाटा सांगून ठेवला होता. डॉ. फुर्तादो म्हणाले, "तेच दाखवा."

जिवंत डुकराची जीभ आधी नाताळीनबायनं पाहिली. "निवळ." मग मी पाहिली. काही लागलं नाही. "साफ," मी म्हटलं. डॉ. फुर्तादोंनीही अंगठा फिरवला, मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. डुक्कर कापलं. ते सोप्यावर खुर्ची टाकून बसले. सायमननं त्यांना कॉफी दिली. दोघांचं कोंकणीत काहीतरी जुन्या दिवसांबद्दल सुरू झालं. मी मागच्या पडवीत सुरी घेऊन उभा. नाताळीनबाय परात धरून शेजारी.

मी हृदय चिरलं. डावा कप्पा उघडला.

एक दाणा. एकच. आतल्या भिंतीला, तांदळापेक्षा थोडा मोठा.

मी थबकलो. मला खरंच वाटलं, मला दिसतंय ते खोटं आहे. वर पाहिलं तर नाताळीनबाय तिकडेच बघत होती. ती एकदम कुजबुजली, "एकच आसा. काढून टाक. पुरी वाडी माझ्यार आसा रे."

दोन महिने ती मला 'डॉक्टरानू' म्हणत होती. त्या क्षणी 'रे' म्हणाली.

मनात काय काय आलं ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. एक, हिनं मला फुकट शिकवलं. दोन, मी आत्ताच जिभेला 'साफ' म्हटलं होतं. दाणा दाखवला तर म्हातारा म्हणणार, जीभ चुकलास, नापास. नाही दाखवला तर ते खुर्चीतून उठतीलच असं नाही. सुरीचं एक टोक फिरवलं की माझी नोकरी वाचते, तिचं फेस्त वाचतं. सगळ्यांचं भलं. शरम वाटते, पण माझी सुरी त्या दाण्याजवळ गेली होती.

मग मला तो जांभळा शिक्का दिसला. आठवला नाही, दिसला.

"डॉक्टर," मी ओरडलोच. "इकडे या."

नाताळीनबायनं परात खाली ठेवली.

डॉ. फुर्तादो आले. हृदयात बघितलं. "एकच?"

"अजून छेद द्यायचे आहेत."

"मग द्या."

पडदा चिरला. चार. खांदा चिरला. मी पहिल्या परीक्षेत पाहिलं होतं तेच. पेरल्यासारखे दाणे, दाट. मांडीत तेच. जिभेत मात्र, मुळापासून टोकापर्यंत चिरली तरी, एकही नाही.

नाताळीनबायनं खांद्याच्या त्या छेदात बोट घातलं, एक दाणा काढला, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये दाबून बघितला. मग दुसरा काढला.

"पण जीभ निवळ होती," ती म्हणाली. "तूय बघलंस. ह्यांनीय बघल्यानी."

"मलाही साफच लागली होती," डॉ. फुर्तादो म्हणाले.

"मगे बावीस वर्सां..." ती भिंतीला टेकून खाली बसली. बावीस वर्षांत जीभ साफ म्हणून घेतलेली आणि खांद्यात न पाहिलेली डुकरं किती, हे तीच मोजत असणार. तिच्या हातचं सगळ्या वाडीनं खाल्लं होतं. तिनंही. सायमननंही. कत्तलखान्यात मी अर्ध्या तासाच्या फरकानं वाचलो होतो. तिला वाचवायला कोणी नव्हतं.

"काय करणार?" डॉ. फुर्तादोंनी मला विचारलं.

"कंडेम."

"ही बाई तुमची गुरू ना?"

"होय."

"मग लिहा."

मी लिहिलं. त्या अंगणात मला तो कायदेशीर हक्क होता की नाही, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. सायमननं आणि मी माडांच्या पलीकडे छातीएवढा खड्डा खणला. डुक्कर आत टाकलं, वर रॉकेल आणि चुना. डॉ. फुर्तादो कोट हातावर घेऊन खड्ड्याच्या काठाशी शेवटपर्यंत उभे राहिले. जाताना ते नाताळीनबायशी कोंकणीत बराच वेळ बोलले. ती मान खाली घालून ऐकत होती. काय बोलले ते मी विचारलं नाही.

फेस्ताला वाडीनं बांगडे आणि कोंबड्या केल्या. लोक नाताळीनबायला बोलले, मलाही बोलले. तिनं दोन बाजार दुकान लावलं नाही. सायमन माझ्याशी कामापुरतं बोलायचा. मी विचारलं, "बाय कशी आहे?" तर म्हणाला, "बसान आसा."

तिसऱ्या बाजाराच्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात आली. हातात स्वतःची सुरी आणि टोपलीत ताज्या डुकराचा खांदा. टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "खंय कापलंस ता दाखव."

मी दाखवलं. तिनं माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि स्वतः तिथेच पुन्हा छेद दिला. खांदा साफ होता. "आणि पडदो?" मी पडदा दाखवला. "आणि काळीज खंयसून?" तेही दाखवलं. टोपली उचलून ती निघाली. दारात थांबून म्हणाली, "माका राग इलो हा. अजून आसा. पण तू बोललंस ता बरां झालां."

त्यानंतर तिनं चार ठिकाणी छेद दिल्याशिवाय एकही डुक्कर विकलं नाही. फार वर्षांनी मी बांद्याला गेलो तेव्हाही हेच ऐकलं.

परवान्याचं पत्र नोटीस संपायच्या पाच दिवस आधी आलं. जीभ साफ असल्याची माझी नोंद बरोबर धरली होती, कारण जीभ साफच होती. माझ्या पाठोपाठ परवान्याला आलेल्या आमच्याकडच्या दोघा अनुभवी डॉक्टरांनी मला विचारलं, तिकडे काय विचारतात? मी त्यांना सांगितलं, तुम्ही कॉलेजात ज्या प्रात्यक्षिकाला मागच्या रांगेत उभे होता ते विचारतात. दोघंही हसले. एक नापास झाला.

शिकवण म्हणाल तर एवढीच. अनुभव असतो तो पाहिलेल्या जनावराचा. न पाहिलेल्या जनावरापुढे नऊ वर्षांचा डॉक्टर आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सारखेच; विद्यार्थी जरा बरा, तो विचारतो तरी.

मी त्या नगरपालिकेत जनावरांचा डॉक्टर म्हणून रुजू झालो आणि तिथूनच निवृत्त झालो. मुंबई आणि गोवा अशा दोन्ही नोंदवह्यांत नाव असलेला मी मिठबावचा पहिला माणूस.